घरकुलाच्या आतलं तापमानही मोजा: ग्रामविकास विभागाला खुलं पत्र

प्रति,
प्रधान सचिव, ग्रामविकास विभाग, महाराष्ट्र शासन,
राज्य व्यवस्थापन कक्ष, ग्रामीण गृहनिर्माण,
आणि विदर्भातील सर्व जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी

विषय: घरकुलांच्या आतील तापमानाची व हवेची नियमित मोजणी सुरू करण्याबाबत

महोदय / महोदया,

स.न.वि.वि.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये घरकुल मंजूर झालं की त्याची नोंद किती काटेकोरपणे ठेवली जाते, हे आम्ही गावाकडची माणसं जवळून बघतो. आधी मोकळ्या जागेचा फोटो, मग पायाचा, जोत्याचा, छज्जा पातळीचा, स्लॅबचा, आणि शेवटी दाराशी उभ्या असलेल्या लाभार्थ्यासह पूर्ण झालेल्या घराचा. प्रत्येक फोटोला अक्षांश-रेखांश चिकटलेले. फोटो चढला नाही तर पुढचा हप्ता अडतो. घर किमान 25 चौरस मीटर हवं, स्वयंपाकाची जागा त्यातच धरायची, हेही ठरलेलं आहे. या सगळ्या नोंदींत एक रकाना मात्र नाही. मे महिन्यात रात्री दहा वाजता या घरात किती तापमान असतं?

हा रकाना उघडावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यात स्थापत्य अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यातली घरं मुलांना दाखवणं, त्यात तापमापक लावणं, हा माझ्या कामाचाच भाग झाला आहे. योजनेवर टीका करण्यासाठी मी लिहीत नाही. ज्या कुटुंबांच्या डोक्यावर पावसात गळणारं छप्पर होतं, त्यांना पक्कं घर मिळालं ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचं मोल मी जाणतो. म्हणूनच त्या घरात उन्हाळा कसा जातो, हा प्रश्न मला सोडवत नाही.

आपल्याकडे उष्णतेची लाट ठरते ती घराबाहेरच्या तापमानावरून. मैदानी भागात पारा 40 च्या वर गेला आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक चढला, किंवा थेट 45 ला टेकला, की हवामान खातं लाट जाहीर करतं. हे तापमान मोजलं जातं पांढऱ्या, झडपांच्या, हवा खेळत्या पेटीत, उघड्या मैदानावर, सावलीत. नागपूरला 2013 च्या मे महिन्यात 47.9 नोंदलं गेलं ते याच पद्धतीने. पण त्या पेटीत कोणी राहत नाही. विदर्भातली बाई, तिचं तान्हं मूल आणि घरातला म्हातारा दुपारी 12 ते 5 या वेळात असतात घरात. तेंदूपत्त्याच्या हंगामात तर माणसं पहाटे चारला जंगलात जातात, दहा-अकरापर्यंत परततात आणि ऐन दुपारी घरात किंवा छपरीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. म्हणजे उन्हाच्या सर्वांत वाईट वेळी त्यांच्या अंगावर जे येतं ते मैदानावरचं तापमान नसतं, ते छताखालचं असतं. आणि त्याची नोंद कोणाकडेच होत नाही.

छताचं का म्हणतो ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चंद्रपूर-नागपूरवर शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य भरदुपारी नेमका डोक्यावर असतो. त्या वेळी भिंतींना ऊन जवळपास लागतच नाही, सगळं छतावर पडतं. स्वच्छ आकाश असेल तर एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॅट. पंचवीस चौरस मीटरच्या घरावर पंचवीस किलोवॅट. जुनं, करडं पडलेलं काँक्रीट त्यातलं दोन-तृतीयांशाच्या आसपास शोषून घेतं. बहुमजली इमारतीत हा मार वरच्या एकाच मजल्याला बसतो. घरकुल एकमजली असतं, त्यामुळे अख्खं घरच वरचा मजला.

आता स्लॅब चार-पाच इंचांचा. त्यातून उष्णता लगेच खाली उतरत नाही, तीन-चार तास घेते. दुपारी एकला वरचा पृष्ठभाग सर्वाधिक तापतो आणि खालची बाजू सर्वाधिक तापते ती सूर्य कलल्यावर. मग संध्याकाळी, बाहेर वारा सुटलेला असतो, अंगणात बरं वाटायला लागतं, तेव्हा आत खाटेवर पडलेल्या माणसावर स्लॅब वरून तापत राहतो. पंखा लावला तर तो छताजवळची तापलेली हवाच खाली ढकलतो. मुलांना मी नेहमी एक साधी गोष्ट करायला सांगतो: रात्री नऊला स्टुलावर चढून स्लॅबच्या खालच्या बाजूला तळहात टेकवा आणि मग तोच हात भिंतीला, जमिनीला लावा. त्यानंतर त्यांना प्रारणाने, म्हणजे तापलेल्या पृष्ठभागाकडून थेट अंगावर येणारी उष्णता वेगळी शिकवावी लागत नाही.

पत्र्याचं उलट. पत्र्याला जाडीच नाही, म्हणून उशीरही नाही. दुपारी घराची भट्टी होते आणि दिवस मावळला की पत्रा पटकन निवतो. दिवसभर घराबाहेर असणाऱ्याला पत्रा चालून जातो, बाळंतिणीला नाही. स्लॅबचा त्रास रात्री, पत्र्याचा दुपारी. दोघांना एकाच आकड्यात, म्हणजे दिवसभराच्या सरासरीत बसवलं तर दोन्ही त्रास कागदावरून नाहीसे होतात. म्हणून मोजणी तासागणिक हवी, असा माझा आग्रह आहे.

आणि कवेलूचं, म्हणजे कौलारू घर? जाड मातीची भिंत, वर बांबू, त्यावर कवेलू, फटींतून सतत निघून जाणारी गरम हवा. आमच्याकडची वयस्क माणसं त्या घराची आठवण काढतात ती उगाच नाही. पण त्या घराचं गुणगान करून प्रश्न सुटणार नाही. दर पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात, फेरणारी माणसं मिळत नाहीत, चांगले कवेलू करणारे कुंभार कमी झाले, आणि माकडांची टोळी एका सकाळी अर्धं छप्पर खाली उतरवते. साप-विंचवाची भीती वेगळीच. लोकांनी स्लॅब मागितला तो विचार करून मागितला. तो त्यांचा हक्क आहे. त्यांनी स्लॅबच्या घरात राहावं आणि तरी रात्री झोप लागावी, एवढंच बघायचं आहे. त्यासाठी कुठलं घर किती तापतं, कधी तापतं, चुना मारल्यावर किती फरक पडतो, हे आकड्यांत माहीत असलं पाहिजे. आज यातलं बरंचसं आपण ऐकीव माहितीवर बोलतो.

तापमान मोजायचं म्हणजे भिंतीला तापमापक टांगायचा, असा समज असतो. तो पुरेसा नाही. माणसाला जाणवणारा उकाडा हवेचं तापमान, आर्द्रता, वारा आणि भोवतालच्या पृष्ठभागांची उष्णता या चौघांनी मिळून ठरतो. स्लॅबखालच्या घरात चौथी गोष्ट सर्वांत भारी. ती मोजायला काळा गोल तापमापक लागतो. प्रमाणित उपकरणात 15 सेंटिमीटर व्यासाचा तांब्याचा काळा गोळा असतो आणि त्याच्या मध्यावर संवेदक. तो महाग पडतो, म्हणून जगभर संशोधक टेबल-टेनिसचा चेंडू चकाकी नसलेल्या रंगाने रंगवून, त्याला भोक पाडून, आत संवेदक सरकवून काम भागवतात. आमची मुलंही तेच करतात. बाजूला साधा संवेदक हवेचं तापमान घेतो. दोन्हींत जो फरक दिसतो तो छताने वरून टाकलेल्या उष्णतेचा. फरक मोठा असेल तर समजावं की कूलरने हवा गार केली तरी माणूस आतून शेकतोच आहे.

उपकरण कुठे लावायचं यालाही नियम आहेत. बसलेल्या माणसाच्या डोक्याची उंची 1.1 मीटर धरतात. पण आमच्याकडे माणूस खाटेवर किंवा जमिनीवर झोपतो, म्हणून खाटेच्या उंचीवर दुसरं उपकरण हवंच. भिंतीला चिकटवायचं नाही, खिडकीच्या उन्हात नाही, कूलरच्या झोतात नाही, चुलीजवळ तर नाहीच. आणि घरच्या बाईला विचारल्याशिवाय कुठेच नाही. तिला जे अडचणीचं होईल ते उपकरण तिसऱ्या दिवशी माळ्यावर ठेवलं जातं आणि मग आपण महिनाभर माळ्याचं तापमान नोंदवत बसतो.

आपण विचाराल, निकष आधीच आहेत ना? आहेत, आणि त्यांची मर्यादा समजून घेण्यासारखी आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने 2018 मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. छतातून आत येणाऱ्या उष्णतेला तिने कमाल मर्यादा घातली: एका चौरस मीटरमागे, एका अंशाच्या फरकाला 1.2 वॅट. साध्या स्लॅबचा हाच आकडा तीनच्या वर जातो. म्हणजे संहिता योग्य ठिकाणी बोट ठेवते. पण ती लागू होते 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या बांधकामाला. ज्याचं घरच 25 चौरस मीटरचं, त्याच्यापर्यंत ती पोचत नाही.

शिवाय तो 1.2 चा आकडा वातानुकूलित घराच्या विजेच्या बिलाचा विचार करणाऱ्यांना जास्त उपयोगाचा आहे. विदर्भातल्या घरकुलात उष्णता दिवसा छतातून खाली येते आणि पहाटे वर जाते, दिशा रोज दोनदा पालटते. अशा छतावर उष्णताप्रवाह मोजणारी चकती तीन दिवस लावून साधी सरासरी काढली तर उत्तर फसवं येतं. आमच्यासाठी महत्त्वाचा प्रश्न आहे तो वेळेचा: आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा रात्री किती वाजेपर्यंत जास्त राहतं?

आरामदायी तापमानाचं भारतीय सूत्रही आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि शिमला इथल्या कार्यालयांत काम करणाऱ्या लोकांना विचारून ते बसवलं आणि 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्याला जागा मिळाली. वातानुकूलन नसलेल्या इमारतीसाठी बाहेरच्या तीस दिवसांच्या चालत्या सरासरीला 0.54 ने गुणायचं आणि त्यात 12.83 मिळवायचे. बाहेरची सरासरी 31 असेल तर उत्तर येतं साडेएकोणतीस. काम मोलाचं आहे, परदेशी आकडे डोळे मिटून वापरण्यातून त्याने आपल्याला सोडवलं. पण त्या पाहणीत बाहेरची सरासरी 31 अंशांच्या आसपासच थांबली होती. आमच्याकडे मेमध्ये दिवसाचे 43 आणि रात्रीचे 28 धरले तरी मध्य 35 च्या वर जातो. त्या पाच शहरांत विदर्भ नाही, आणि कार्यालयात खुर्चीवर बसलेला माणूस म्हणजे जमिनीवर बसून पुडे बांधणारी सात महिन्यांची गर्भार बाई नव्हे. घरकुलात राहणाऱ्या माणसासाठी किती तापमान सोसण्याजोगं, याचं उत्तर कुठल्याच तक्त्यात तयार नाही. ते इथेच, आपल्याच घरांत मोजून आणि माणसांना विचारून काढावं लागेल.

मोजणी विश्वासार्ह नसेल तर तिचा उपयोग होण्याऐवजी घात होतो, हेही विदर्भाने पाहिलं आहे. 2024 च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले. देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याला सांगावं लागलं की संवेदक बिघडला होता. त्या दिवशी उन्हाचा त्रास खराच होता, पण चुकीच्या आकड्याने खऱ्या त्रासावरचंही लक्ष उडालं. म्हणून उपकरणं गावात नेण्याआधी सगळी एका खोलीत चोवीस तास शेजारी-शेजारी ठेवून त्यांचे आकडे जुळवून पाहणं, वितळत्या बर्फात शून्य तपासणं, आणि हंगाम संपल्यावर पुन्हा तेच करणं ही शिस्त आदेशातच लिहिलेली असावी. यात फार खर्च नाही, फक्त कोणीतरी ते करायला हवं.

हवेबद्दलही दोन शब्द. घरातल्या हवेकडे दुर्लक्ष झालं की काय होतं याचा धडा मुंबईत आहे. मानखुर्द-गोवंडीच्या लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या जवळजवळ उभ्या केल्या की खालच्या मजल्यांना ऊन-वारा मिळेनासा झाला. डॉक्टर्स फॉर यू ही स्वयंसेवी संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासाने तिथल्या क्षयरोगाचा संबंध बंदिस्त, अंधाऱ्या रचनेशी जोडून दाखवला. लोक राहायला गेल्यावर हे मोजलं गेलं, तेव्हा भिंती हलवणं शक्य नव्हतं. आमच्या गावांत जागा मोकळी आहे, तरी एक दार, एक खिडकी आणि तीही थंडीत कापड कोंबून बंद, अशी घरकुलं मी पाहिली आहेत. गॅस संपला की चूल त्याच खोलीत पेटते. म्हणून जानेवारीत एक आठवडा कार्बन डायऑक्साइड आणि धुराचे बारीक कण मोजावेत. बाहेरच्या स्वच्छ हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात 420 च्या आसपास असतो. झोपलेल्या कुटुंबाच्या खोलीत तो 1000 च्या वर चढून पहाटेपर्यंत तसाच राहत असेल, तर त्या खोलीला हवा पुरत नाही, हे सांगायला आणखी कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक घरकुलात यंत्र बसवा, असं मी म्हणत नाही. प्रत्येक तालुक्यातली थोडी घरं निवडा आणि ती जोडीने निवडा: त्याच गल्लीतलं स्लॅबचं, पत्र्याचं, कवेलूचं, आणि एक चुना मारलेल्या स्लॅबचं. शेजारची घरं असली की बाहेरचं हवामान सारखं राहतं आणि फरक छताचाच उरतो. 1 एप्रिल ते 30 जून तासागणिक नोंद घ्या. जूनचा आग्रह मुद्दाम धरतो. मेच्या कोरड्या हवेत कूलर चालतो, पहिल्या सरीनंतर हवेत दमटपणा आला की तोच कूलर निरुपयोगी होतो, आणि आमच्याकडचे सर्वांत गदमदलेले दिवस ते असतात. घरात वीज किती तास होती आणि माणसं रात्री कुठे झोपली, आत की अंगणात की गच्चीवर, हे आशाताईंनी आठवड्यातून एकदा विचारून लिहावं, आणि त्या कामाचे पैसे त्यांना वेगळे मिळावेत. माणसं उठून अंगणात गेली ही नोंद मला तापमानाच्या आकड्याइतकीच बोलकी वाटते.

बाहेरच्या तापमानासाठी नवी केंद्रं लागणार नाहीत. महावेध प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं राज्यात आधीच उभी आहेत. पीकविम्यासाठी आपण शेतातला पाऊस मंडळनिहाय मोजायला शिकलो. शेतकऱ्याच्या पिकाला जी दखल मिळाली ती त्याच्या घराला मिळण्यात तांत्रिक अडचण काहीच नाही. मोजायला माणसंही आहेत: चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, नागपूरची व्हीएनआयटी, प्रत्येक जिल्ह्यातली तंत्रनिकेतनं. उन्नत महाराष्ट्र अभियानाची चौकट अशाच कामासाठी आहे. आपल्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्यांवर आधीच फोटो आणि हप्त्यांचा भार आहे, त्यांच्यावर हे टाकू नये. त्यांना फक्त शेवटी येणारा तक्ता वाचायला मिळावा.

आकडे वाईट आले तर काय, ही शंका आपल्या दालनात कोणीतरी काढेलच. येतील. पण ते वाईट आकडे सुधारता येण्याजोगे आहेत. ताजा चुना ऊन मोठ्या प्रमाणात परतवतो. प्रश्न असा की आमच्याकडच्या धुळीत आणि एका पावसाळ्यानंतर तो किती टिकतो, आणि दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारायचा खर्च कोणी करायचा. हे मोजल्याशिवाय कळणार नाही. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छतं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांचं धोरणच जाहीर केलं. तेलंगणा आमच्या जिल्ह्याला लागून आहे, ऊन तेच आहे. चुन्याशिवायही मार्ग आहेत. स्लॅबवर हात-दीड हात उंच बांबूचा मांडव, छताच्या अगदी खाली समोरासमोरचे दोन झरोके, स्लॅबवर उलटे अंथरलेले जुने कवेलू. यातलं कुठलं किती उतरवतं हे कळलं, की पुढच्या घरकुलाच्या नमुना नकाशात तेवढा बदल करता येईल आणि अनुदानात त्याची तरतूद मागता येईल. अनुदानाची रक्कम मर्यादित आहे, म्हणूनच ती कुठे घालायची हे अंदाजाने ठरवणं परवडणारं नाही.

आणि जे मोजाल ते गावाला परत द्या. ज्या घरात यंत्र लागलं त्या घरच्यांना त्यांच्या घराचा आलेख मराठीत, मोठ्या अक्षरांत, समजावून मिळाला पाहिजे. ग्रामसभेत तो वाचला गेला पाहिजे. बाकीची माहिती नाव-गाव झाकून सर्वांसाठी खुली ठेवा, म्हणजे कुठलाही विद्यार्थी ती तपासू शकेल.

वेळापत्रकाची विनंती करून थांबतो. यंत्रं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घरांत लागली पाहिजेत. त्याआधी ती जुळवून घ्यायला पंधरा दिवस, खरेदीला किमान महिना-दीड महिना, आणि मार्चअखेरीस निधी परत जाण्याची घाई आपल्याला ठाऊक आहेच. आदेश डिसेंबरात निघाला तरच हे येत्या उन्हाळ्यात जमेल. घरांची निवड, मुलांचं प्रशिक्षण आणि उपकरणांची तपासणी यासाठी आमच्यासारखे शिक्षक विनामोबदला वेळ द्यायला तयार आहेत. बोलावल्यास कागदपत्रं घेऊन कधीही येऊ.

आपला,
चंद्रपूर जिल्ह्यातील एक स्थापत्य शिक्षक